उसन्या उपग्रहाचं वर्ष

उपग्रह उसना मागता येतो का? वर्षभर वापरून परत करतो, अशा बोलीवर?

थट्टा वाटेल, पण भारताने हे केलं आहे. १८ सप्टेंबर १९६९ रोजी आपला अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची नासा यांच्यात एक करार झाला. माणूस चंद्रावर उतरून दोनच महिने झाले होते. आपली इस्रो तर जेमतेम महिन्याची होती. करार असा होता की अमेरिका एक उपग्रह सोडेल आणि तो वर्षभर भारताला वापरायला देईल. आकाशातलं सगळं त्यांचं आणि जमिनीवरचं सगळं आपलं. त्या उपग्रहावरून भारत टीव्ही दाखवणार होता, आणि तोही खेड्यांत.

तेव्हा देशात टीव्ही होता कुठे? फक्त दिल्लीत. मुंबईकरांना त्यासाठी २ ऑक्टोबर १९७२ पर्यंत थांबावं लागलं. पुण्याला सिंहगडावरून चित्र दिसू लागलं १९७३ मध्ये. आणि ज्या देशातल्या बहुतेक शहरांनी टीव्ही पाहिलेला नव्हता, तो देश सांगत होता की आम्हाला तो आधी रायचूर, गुलबर्गा, संबळपूरच्या खेड्यांत न्यायचा आहे.

या वेडामागे इस्रोचे प्रमुख विक्रम साराभाई होते, आणि वेडामागे हिशेब होता. देशात पाच लाखांहून जास्त खेडी. टीव्हीची लहर जमिनीवरच्या मनोऱ्यावरून निघाली की काही डझन किलोमीटरांत संपते. डोंगर आडवा आला तर त्याच्याही आधी. मनोऱ्यामागून मनोरे उभारत गेलो तर शेवटच्या खेड्याची पाळी कधी येणार? उपग्रह मात्र एकदा वर गेला की त्याला मुंबई आणि मेळघाट सारखेच. कागदावर हे चोख होतं. पण कागदावरचा आराखडा आणि गावातली संध्याकाळ यांच्यामध्ये किती खड्डे असतील? संच बिघडला तर दुरुस्त कोण करणार? लोक बघतील का? बघितलं तर समजेल का? आणि समजलं, तरी काही बदलेल का?

याची उत्तरं जगात कुणाकडेच नव्हती, कारण एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे कुणी केलंच नव्हतं. स्वतःचा उपग्रह बांधायला घ्यायचा म्हणजे कोट्यवधी रुपये आणि बरीच वर्षं, आणि एवढं करून उत्तर ‘नाही’ असं आलं तर? म्हणून आधी वर्षभर करून पाहायचं ठरलं. उपक्रमाचं नाव ‘सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपरिमेंट’, आद्याक्षरं जोडून ‘साइट’. हा प्रयोग आहे, हे पाटीवरच लिहून टाकलं होतं.

गंमत म्हणजे या प्रयोगाच्याही आधी एक प्रयोग झाला होता. २६ जानेवारी १९६७ पासून दिल्लीच्या आसपासच्या ८० खेड्यांत ‘कृषिदर्शन’ दाखवायला सुरुवात झाली होती. नेहमीच्याच मनोऱ्यावरून, उपग्रहाशिवाय. शेतकरी टीव्हीसमोर बसून शेतीचं काही ऐकतो का, एवढाच प्रश्न. तो ऐकतो, हे दिसल्यावर पुढचं पाऊल.

आता आकाशात बघू, कारण तिथलं यंत्रही काही कमी नवलाचं नाही.

एटीएस-६ नावाचा तो उपग्रह ३० मे १९७४ रोजी उडाला. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रहाची एक फेरी पृथ्वीच्या एका गिरकीइतक्याच वेळात पुरी होते. त्यामुळे खालून पाहणाऱ्याला तो एका जागी खिळल्यासारखा दिसतो. अँटेना एकदा त्याच्याकडे रोखली की पुन्हा हलवायला नको. पण एवढ्या लांबून येणारा संदेश किती क्षीण असेल! एटीएस-६ वरचा प्रक्षेपक होता ८० वॅटचा. तेवढ्या विजेवर आपल्या घरातला छताचा पंखा फिरतो. एका पंख्याच्या विजेवर ३६,००० किलोमीटरवरून हजारो गावांना टीव्ही दाखवायचा, हे जमायचं कसं?

युक्ती तबकडीत होती. उपग्रहाच्या डोक्यावर तब्बल नऊ मीटर व्यासाची तबकडी होती. तबकडी जितकी मोठी, तितका तिचा झोत अरुंद आणि तीव्र. मग ते ८० वॅट सगळ्या पृथ्वीवर सांडत नाहीत, ज्या प्रदेशाकडे तोंड आहे तिथेच पडतात. आणि वरून पडणारा झोत तीव्र असला की खाली गावात लहानशी, स्वस्त अँटेना पुरते. म्हणजे महागडी तबकडी वर एकच, आणि स्वस्त तबकड्या खाली हजारो. साऱ्या योजनेचं गणित या एका अदलाबदलीवर उभं होतं.

पण नऊ मीटरची तबकडी रॉकेटच्या टोकात मावते कशी? ती पत्र्याची नव्हतीच. तांब्याचा मुलामा दिलेल्या डेक्रॉन धाग्याची ती जाळी होती. अॅल्युमिनियमच्या लवचीक फासळ्यांसकट मधल्या गाभ्याभोवती गुंडाळून ठेवलेली. अवकाशात पोचल्यावर बंध सुटले आणि फासळ्या आपल्याच ताणाने सरळ झाल्या.

आता खाली या. गावासाठी इस्रोच्या अहमदाबाद केंद्रातल्या अभियंत्यांनी जी अँटेना योजली, तिला काय लावलं असेल? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी! तीन मीटर व्यासाची. वर जाळी, खाली जाळी. भोकाभोकांतून लहर निसटून कशी जात नाही? कारण त्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटीमीटर होती. जाळीचं भोक त्यापुढे इतकं लहान, की लहरीच्या लेखी ते नसतंच. आपल्याला आरपार दिसणारी जाळी तिला सलग भिंत भासते, आणि ती परतून मध्यभागी गोळा होते. वजन कमी, वारा आरपार जाणार, आणि जाळी तालुक्याच्या बाजारात मिळणार. मोठं विज्ञान साध्या वस्तूवर टेकलेलं असलं की मला ते जास्तच विश्वासार्ह वाटतं.

करारातल्या वर्षासाठी उपग्रह सरकवत सरकवत पूर्व आफ्रिकेच्या माथ्यावर आणला. त्याच सुमारास, जुलै १९७५ मध्ये, अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत रशियाचं सोयूझ ही यानं अवकाशात एकमेकांना जोडली गेली, आणि त्या भेटीची दृश्यं पृथ्वीवर पोचवायला हाच उपग्रह कामी आला. दोन महासत्तांचं हस्तांदोलन दाखवून झालं, आणि १ ऑगस्टपासून तो विजापूर जिल्ह्यातल्या शाळेत धडे दाखवू लागला.

विजापूर म्हणजे आपल्या सोलापूर-सांगलीच्या सीमेपलीकडचाच जिल्हा. कर्नाटक, आंध्र, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान अशी सहा राज्यं या प्रयोगात होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या राज्यांतले वीस जिल्हे आणि त्यांतली सुमारे २,४०० गावं. हे जिल्हे निवडले ते मुद्दाम मागासलेले. रस्ते वाईट, वीज बेभरवशाची. काही गावांत वीजच नव्हती, तिथे संच बॅटरीवर चालवले. पथदर्शी प्रकल्प म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांत सोयीचा तालुका शोधतात. मंत्र्यांना भेट देता यावी असा, डांबरी रस्त्यावरचा. तिथे प्रकल्प यशस्वी होतो, पेढे वाटले जातात, आणि आडगावात गेल्यावर तोच प्रकल्प गुडघे टेकतो. साइटने उलट केलं. जिथे फसण्याची शक्यता जास्त, तिथेच आधी.

आणि एकाच नव्हे, सहा राज्यांत कशासाठी? शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण सगळा भात एकाच हंड्यातला असेल तर. राजस्थानातलं गाव आणि ओरिसातलं गाव ही काही एका हंड्यातली नव्हेत.

रोज चार तास कार्यक्रम असायचे. सकाळी दीड तास शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास सगळ्यांसाठी. हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड अशा चार भाषा. उपग्रहाला चित्राची वाट एकच, पण आवाजाच्या दोन! म्हणजे तेच चित्र एकाच क्षणी एका गावात तेलुगू बोलू शकतं आणि दुसऱ्यात कन्नड. संच शाळेत किंवा पंचायतीच्या इमारतीत ठेवलेले, सांभाळायला बहुधा शाळामास्तर. अहमदाबादहून निघालेलं चित्र आकाशात जाऊन गावात उतरायला लागे साधारण पाव सेकंद. त्याच गावात टपाल किती दिवसांनी येत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. आणि बंगळूर शहराला स्वतःचं दूरदर्शन केंद्र मिळालं ते १९८१ मध्ये. विजापूरच्या खेड्याने राजधानीला सहा वर्षांनी मागे टाकलं होतं.

या कामात मराठी माणसंही होती. कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस आणि पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे या दोघांनी साइटची मोठी जबाबदारी वाहिली. अहमदाबादच्या केंद्राचे प्रमुख होते यशपाल. मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम मुंबईतल्या इस्रोच्या स्टुडिओत तयार होत. साराभाई मात्र हे पाहायला नव्हते. ३० डिसेंबर १९७१ रोजीच ते गेले.

माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत थोर गोष्ट आकाशातही नव्हती आणि पडद्यावरही नव्हती. ती होती टीव्ही न दिलेल्या गावांत.

कसं ते सांगतो. समजा, वर्षअखेरीस एखाद्या गावात कुटुंबनियोजनाची माहिती असलेल्या लोकांची संख्या वाढलेली दिसली. श्रेय कुणाचं? टीव्हीचं? जरा थांबा. १९७५ मध्ये देशात आणीबाणी लागली होती, आणि १९७६ मध्ये कुटुंबनियोजनाची मोहीम सरकारने किती रेटली हे आजही लोक विसरलेले नाहीत. टीव्ही नसता तरी तो विषय घरोघरी पोचलाच असता. किंवा समजा, पीक चांगलं आलं. पण १९७५ चा पाऊसच चांगला झाला होता! मग टीव्हीचा वाटा वेगळा काढायचा कसा? उपाय एकच. तशाच प्रकारची, तशाच परिस्थितीतली पण टीव्ही नसलेली गावं निवडायची आणि तिथेही तेच प्रश्न विचारायचे. प्रयोगाआधी, प्रयोग चालू असताना आणि नंतर. पाऊस दोन्हीकडे पडला, मोहीम दोन्हीकडे आली, संच मात्र एकीकडेच होता. दोन्हींतला फरक मोजला की जो उरतो तो टीव्हीचा.

वाचायला सोपं आहे. पण इतका खटाटोप करून उभारलेल्या योजनेबद्दल ‘काहीही फरक पडला नाही’ असं सिद्ध होण्याची सोय आपल्याच हाताने करून ठेवायची, याला छाती लागते. किती सरकारी खाती अशी सोय करतात? ‘प्रायोगिक तत्त्वावर’ सुरू झालेल्या आणि मग कुणीही निकाल न विचारलेल्या योजना तुम्हालाही दोन-चार सहज आठवतील.

आकडे सगळं सांगत नाहीत, हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणून काही निवडक गावांत मानववंशशास्त्राचे अभ्यासक राहायला गेले. टीव्ही येण्याच्या आधीपासून. प्रश्नावलीत ‘कार्यक्रम पाहिला का?’ याला हो किंवा नाही एवढंच उत्तर मिळतं. बायका किती वाजता उठून जातात, संच अमुक इमारतीत असला तर कोणत्या आळीतले लोक येत नाहीत, पडद्यावरच्या डॉक्टरचं बोलणं ऐकून म्हातारी शेजारणीच्या कानात काय म्हणते, हे कळायला तिथे राहावंच लागतं.

मग निघालं काय?

पहिली चिंता यंत्रांची होती, आणि तिथे सुखद धक्का बसला. धूळ, उकाडा, विजेचे लपंडाव यांतही साधारण दहातले नऊ संच कोणत्याही दिवशी चालू असत. खुराड्याची जाळी टिकली.

सुरुवातीला संचासमोर शेकड्यांनी गर्दी लोटली. नवलाई ओसरली तशी ती घटून शंभराच्या आसपास स्थिरावली. मला ही घट फार मोलाची वाटते. चार आठवड्यांचा प्रयोग केला असता, तर ती पहिली गर्दीच खरी मानून सगळी गणितं मांडली गेली असती. वर्षभर थांबल्यामुळे कळलं, की नवलाई संपल्यावरही शंभर माणसं येतात.

आरोग्य, स्वच्छता, कुटुंबनियोजन यांबद्दलच्या माहितीत टीव्हीच्या गावांनी खरंच आघाडी घेतली होती. आणि सर्वांत जास्त फायदा कुणाचा झाला असेल? शिकलेल्या, आधीच माहितगार लोकांचा, असंच कुणीही म्हणेल. पण तो झाला निरक्षरांचा, आणि बायकांचा. ज्यांच्यापर्यंत छापील अक्षर पोचत नव्हतं, त्यांच्याकडे चित्र थेट पोचलं.

सुट्ट्यांच्या काळात सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. टीव्ही, जोडीला रेडिओ, छापील साहित्य आणि हातांनी करायचे प्रयोग. पन्नास हजार शिक्षकांना एका जागी बोलवायचं म्हटलं तर नुसत्या राहण्या-जेवणाची सोय कोण करणार?

आता फसलेल्या गोष्टी. टीव्ही आला म्हणून मुलं शाळेत जास्त येऊ लागली का? नाही. गळती थांबली का? नाही. मुलांच्या भाषेत सुधारणा दिसली, स्वतःहून माहिती शोधण्याची वृत्ती वाढली, पण परीक्षेतल्या यशात उडी दिसली नाही. ज्या पोराला सकाळी गुरं राखायला जायचं आहे, त्याला शाळेतला पडदा कसा थांबवणार? शेतीतही नव्या पद्धती माहीत झाल्या, तितक्या वापरात आल्या नाहीत.

आणि सर्वांत बोचणारा धडा भाषेचा. बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान मिळून एक ‘हिंदी’ गट केला होता. मुझफ्फरपूरच्या बाईची बोली वेगळी, रायपूरच्या शेतकऱ्याची वेगळी, कोट्याची आणखी वेगळी. स्टुडिओतली हिंदी त्यांच्या कानांना परकी वाटली. पिकं वेगळी, माती वेगळी, पेरणीचे दिवसही वेगळे. पाव सेकंदात हजारो किलोमीटर ओलांडून आलेलं चित्र शेवटच्या चार हातांवर, पडदा आणि माणूस यांच्या मधल्या जागेत अडखळत होतं.

याचं उलट टोक त्याच काळात गुजरातेत दिसत होतं. खेडा जिल्ह्यात पीज इथे लहानसा प्रक्षेपक उभारला होता. संच बरेचसे दूध संस्थांत ठेवलेले. कार्यक्रम तिथल्या चरोतरी बोलीत, तिथल्याच लोकांना घेऊन केलेले, आणि विषय मजुरी, सावकारी, जातीचा जाच असले झोंबणारे. पुढे या उपक्रमाला ग्रामीण संवादासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. एकीकडे सहा राज्यांवर पसरलेलं आकाश, दुसरीकडे एका जिल्ह्याची बोली. दोन प्रयोग शेजारी शेजारी ठेवल्यामुळेच दोन्हींची ताकद आणि मर्यादा उघड झाली.

३१ जुलै १९७६ रोजी वर्ष संपलं. उपग्रह ठरल्याप्रमाणे परत निघाला. काही भागांत जमिनीवरचे प्रक्षेपक उभारून टीव्ही चालू ठेवला. बाकीच्या गावांतले पडदे काळे झाले. प्रयोगाची ही क्रूर बाजूही सांगायला हवी. लोकांना वर्षभर एक सवय लावायची आणि मग निघून जायचं. करार करतानाच पुढच्या वर्षाची सोय बघायला हवी होती, असं मला वाटतं.

पुढचं वेगाने घडलं. १९७७ ते ७९ मध्ये आणखी एक उसना उपग्रह, फ्रान्स-जर्मनीचा ‘सिंफनी’, घेऊन दूरसंचाराचा प्रयोग झाला. १९८१ मध्ये आपला ‘ॲपल’ गेला. बैलगाडीवर ठेवलेला उपग्रह म्हणून ज्याचं छायाचित्र आपण गरिबीची खूण समजून पाहतो तो हाच. खरं कारण असं, की अँटेनाची चाचणी घेताना आसपास धातूचं वाहन नको होतं. १९८२ मध्ये गेलेला इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला. तरी कार्यक्रम थांबला नाही, कारण उपग्रहावरून टीव्ही खेड्यात पोचतो का, या प्रश्नाचं उत्तर खिशात होतं. ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१बी उडाला, आणि १९८४ मध्ये तर काही महिने देशात दिवसाला सरासरी एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता.

यंत्रांबद्दलची उत्तरं अशी जशीच्या तशी वापरली गेली. माणसांबद्दलची? बोलीत बोला, गावाच्या जवळून बोला, हे साइट आणि खेडा दोघांनी दाखवून दिलं होतं. प्रत्यक्षात टीव्ही झाला दिल्लीचा. ‘हम लोग’ सुरू झालं कुटुंबनियोजनाचा संदेश घेऊन, आणि बघता बघता नुसती कौटुंबिक मालिका उरली. सामुदायिक संचांच्या देखभालीची साइटच्या काळातली शिस्तही पुढे टिकली नाही. प्रयोगात माणसं निवडक असतात, झपाटलेली असतात. योजना देशभर गेली की ती साध्या माणसांच्या हाती जाते, आणि दहातले नऊ संच चालू ठेवायला काय लागतं हे तेव्हाच खरं कळतं. पथदर्शी प्रकल्पाचं श्रेय वाटताना हा फरक कुणी मोजत नाही, आणि माझ्या मते पुढचं बरंच नुकसान तिथेच होतं.

साइटचे निष्कर्ष, सर्वेक्षणं, गावात राहिलेल्या अभ्यासकांच्या नोंदी असं बरंच काही छापलेलं आहे. पण त्या शाळांत सकाळी पडद्यासमोर मांडी घालून बसलेली मुलं आज साठीच्या आसपास आहेत. सीमेपलीकडे विजापूर, गुलबर्गा, रायचूर भागांत तुमचे कुणी पाहुणे असतील, तर त्यांना पंच्याहत्तर सालच्या त्या टीव्हीबद्दल विचारा. काय दिसायचं, कोण यायचं, आणि एके दिवशी तो बंद पडला तेव्हा गावात काय बोलणं झालं. सांगतील ते लिहून ठेवा.